गडूचं तोंड

बनारसमध्ये मैदागिनच्या चौकात एका ई-रिक्षाचा कोपरा माझ्या मोटरसायकलच्या उजव्या आरशाला लागला आणि खाली वळलेला आरसा कर्र करून सरळ झाला. झालं ते एवढंच. रिक्षावाला तोंडातलं पान सांभाळत म्हणाला, "अरे भइया, शीशा तो सीधा हो गया आपका, अब काहे घूर रहे हैं," आणि निघून गेला. मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले, तरी मी दोन्ही पाय रस्त्याला टेकून उभाच. चार महिन्यांनी पहिल्यांदा त्या आरशात मागचं दिसत होतं. दुधाचे कॅन लटकवलेली एक मोटरसायकल, तिच्यामागे शाळेची पोरं कोंबलेली गाडी, त्याच्याही मागे कुणाचीच पर्वा नसलेला एक सांड, आणि सगळ्यांवर मे महिन्याचं पांढरं ऊन. जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी तो आरसा ह्याच हाताने खाली वळवला होता. मधल्या काळात ही गाडी रेल्वे पार्सलने पुण्याहून बनारसला आली, दोनदा सर्व्हिसिंग झालं, बँकेतला शिपाई चारचारदा म्हणाला की साहब, शीशा घूमा हुआ है; मी हो हो म्हटलं आणि तसाच ठेवला. तसंही या गावात आरशात बघून गाडी चालवणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. ज्याने त्याने पुढ्यातलं बघावं, मागचं मागचा बघून घेईल, ही इथली रीत, आणि ती मला फार सोयीची होती. मी आरसा पुन्हा खाली दाबला आणि गाडी काढली.

गल्लीच्या तोंडाशी गाडी लावत होतो तेवढ्यात फोन वाजला. इंदूकाकू. जानेवारीत गेलेल्या माझ्या मित्राची, निनादची आई. त्यांचा फोन दर महिन्याला येतो आणि दर महिन्याला मी तो तिसऱ्या-चौथ्या घंटेपर्यंत बघत बसतो. "निमिष, तिकिटं मिळाली रे. बुधवारी सकाळी पोचतोय आम्ही दोघं. थोड्या अस्थी काशीसाठी राखून ठेवल्यायत हे तुला माहीतच आहे. तुझ्या अण्णांना सांगून ठेव, विधी त्यांनीच करायचेत." मी म्हटलं, सांगतो काकू, उतरायला आमच्याकडेच या. मग म्हणाल्या, "आणि तो गडू आहे ना तुझ्याकडे? निनादला ज्यातलं पाणी पाजलंस तो. तो मला दे. राहिलेल्या पाण्यासकट दे. माझ्या वेळेला माझ्याही तोंडात त्यातलंच घालायचं, असं मी ह्यांना सांगून ठेवलंय." मी म्हटलं, आहे. फोन ठेवल्यावर मी गल्लीतल्या भिंतीला हात लावून उभा राहिलो. भिंत उन्हाने तापलेली होती, तरी हात काढावासा वाटेना.

गडू होता. माझ्या खोलीत कपाटावर, जानेवारीतल्या कोकणच्या सफरीच्या बॅगेत, जाकिटात गुंडाळलेला. बनारसच्या तांब्याच्या दुकानांतून मिळतो तसा मुठीएवढा गडू, गंगा भरलेली आणि तोंड कथलाचा डाग देऊन कायमचं बंद केलेलं. महाराष्ट्रातून काशीला येणारं प्रत्येक घर तो घेऊन जातं आणि देवघरात ठेवून देतं. घरातलं कुणी शेवटच्या घटकेला आलं की डाग फोडायचा आणि पळीभर पाणी तोंडात घालायचं. आम्ही काशीत राहणारी माणसं, घराखाली नदी, तरी माझी आई मी कुठे लांब निघालो की असा एक गडू बॅगेत टाकते. "बाहेर जातोस, काय सांगावं," म्हणते. घरची सुट्टी संपवून मी पुण्याला निघालो त्या वेळीही टाकला होता. कोकणात पहिल्या रात्री बॅगा उघडल्या तेव्हा माझ्या पुण्यातल्या मित्राने, कुशलने, तो हातात घेऊन हलवला होता आणि म्हणाला होता, "काय रे भटा, मरणाची तयारी करूनच आलास की!" सगळे हसले. निनाद सगळ्यांत जास्त हसला. आणि कपाटावरच्या त्या गडूचा डाग आजही जसाच्या तसा होता. आईने दिला तेव्हा होता तसा. त्यातला एक थेंब कुणाच्या तोंडात गेला नव्हता.

पुण्याच्या शाखेत निनाद आणि मी चार वर्षं शेजारी बसत होतो. रत्नागिरीचा मुलगा, डबा आणायचा तो पितळेचा, जुना, झाकणाच्या बिजागरीला सुबक डाग दिलेला. "बाबांनी झाळलाय. नवा घेतो म्हटलं तर रागावतात," असं सांगायचा. त्याचे वडील रत्नाकरकाका तिकडे आयटीआयमध्ये पत्रेकाम शिकवायचे आणि निवृत्त झाल्यावरही गावातल्या बायकांचे स्टोव्ह, बंब, घागरी झाळून द्यायचे. माझी बदली बनारसला झाली तेव्हा निनादच म्हणाला, आता गेलास तू, निदान एकदा तरी गाड्या घेऊन समुद्राच्या कडेने खालपर्यंत जाऊ या, असं मी सगळ्यांना सांगतो. प्रत्यक्षात त्याला लांब गाडी चालवायची सवय नव्हती, आणि मीच त्याला त्या सुट्टीत इथून फोनवर फोन करून भरीला घातलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्याची आई नको म्हणत होती. मी त्यांना म्हटलं होतं, काकू, मी आहे ना त्याच्यामागे.

पाच गाड्या होत्या. पुढे कुशल, त्याचे दोन मावसभाऊ, मग निनाद, आणि सगळ्यांत शेवटी मी. शेवटचा माणूस जाणता हवा, हा नियम. आणि दुसरा नियम असा की प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्याचा दिवा बघत राहायचं. दिवा दिसेनासा झाला की थांबायचं. मागचा थांबला की पुढचा थांबेल, त्याच्या पुढचाही थांबेल. असं कुणी कुणाला न सांगता सगळी माळ थांबते. पहिले दोन दिवस कसे गेले ते आता आठवायला गेलं की मला आनंदच होतो, आणि त्या आनंदाची मला लाज वाटते. मुख्य रस्ता सोडून आम्ही सड्यांवरून चाललो होतो. मैलच्या मैल काळा-तांबडा कातळ, वाळलेलं गवत, माणूस नाही, मग एकदम रस्ता उतारावर पडायचा आणि खाली समुद्र उभा राहायचा. घाटीतून उतरताना ब्रेकचा जळका वास, करवंदीच्या जाळ्या बाजूने ओरबाडायच्या, दातांत लाल धूळ. पुढे निनादच्या हेल्मेटला मागून चिकटलेलं एक वाळकं पान दिवसभर फडफडत होतं, ते मी काढलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गाडी बाजूला घेऊन थांबला. मला म्हणाला, "तू हो ना पुढे. मला मध्येच फोटो काढायला थांबावंसं वाटतं आणि तू मागून हॉर्न मारतोस. मी येतो शेवटून." नियम होता. मी एक क्षणभर विचारही केला. मग म्हटलं, हो, पण फार रेंगाळू नकोस, सहाची शेवटची फेरीबोट आहे. म्हटलं आणि पुढे झालो.

संध्याकाळी समुद्र सोडून रस्ता खाडीच्या कडेने आत वळला. आतापर्यंत उजवीकडे असलेला सूर्य सरळ पाठीशी आला आणि आरशात तो एवढा पेटला की डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचायला लागले. निनादचा दिवा त्या उजेडात दिसतो आहे की नाही ते कळेना. मी एकदा डोळे किलकिले करून बघितलं, दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा वैतागून आरसा खाली वळवला. बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं. रस्ता वळणावळणाचा, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खाली झाडी आणि त्याच्याखाली चमकणारं पाणी. पुढची वीस मिनिटं मी इतका सुखात होतो की मला मागे कुणी आहे याचीच आठवण राहिली नाही. जेटीवर पोचलो. बोट पलीकडे होती, यायला अवकाश होता. टपरीवाल्याने चहा टाकला. कुशलने विचारलं, "निनाद कुठाय?" आणि मी, हेल्मेट काढता काढता, म्हणालो, "मागेच आहे. आत्ताच दिवा दिसला मला." असं मी का म्हणालो याची चार महिन्यांत मी शंभर उत्तरं शोधली. आरसा वळवल्याचं सांगायची लाज वाटली. शेवटची बोट चुकेल म्हणून कुशल चिडेल असं वाटलं. चहा हवा होता. यातलं कुठलंही उत्तर घेतलं तरी ते फार लहान आहे. आम्ही चहा प्यायलो. मग दुसरा मागवला. कुशलचा एक भाऊ म्हणाला, फोटो काढत बसला असेल, येईल तो. मी म्हटलं, येईल. बोट आली, माणसं उतरली, बोटवाला हाका मारायला लागला, तेव्हा कुशल माझ्याकडे बघून म्हणाला, "नक्की बघितलास ना दिवा?" आणि मी हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं.

परत जाताना सूर्य समोर होता. एका वळणावर रस्त्याच्या मधोमध एक म्हातारी उभी होती, हातात तांब्या, आणि तिने तांब्यासकट हात वर करून आम्हांला थांबवलं. गाडी रस्त्याखाली जाळीत अडकलेली होती आणि निनाद त्याच्याही खाली कातळाला टेकून बसल्यासारखा पडला होता. फारसं लागलेलं दिसत नव्हतं. डॉक्टर नंतर म्हणाले, मार आतून बसला. त्याचे डोळे रस्त्याकडे होते. म्हातारी मागून सांगत होती, गुरं आणायला आले तवा हाक ऐकली, "लई येळ हाक मारीत व्हता. पानी मागीत व्हता. मी घराकडं आनायला गेले, तवर…" तिने तांब्या पुढे केला. भरलेला होता. माझ्या पाठीवरच्या बॅगेत, जाकिटाच्या घडीत, तोंड बंद केलेला गडू माझ्या मणक्याला टोचत होता. दिवसभर टोचत असणार, मला तेव्हा पहिल्यांदा जाणवला. मी त्याच्या हेल्मेटला चिकटलेलं ते पान काढून टाकलं. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

फोन मी केला. कुशल म्हणाला, तूच कर, तुझ्या ओळखीचे आहेत. रत्नाकरकाका एवढंच म्हणाले, "बरं," आणि त्यांच्या हातून फोन काकूंनी घेतला. त्या रडत नव्हत्या. विचारत होत्या. तू होतास का जवळ? मी म्हटलं, होतो. पाणी दिलंस का रे त्याला? आणि मी म्हणालो, "दिलं काकू. गंगेचं दिलं. गडू होता माझ्याजवळ. दगडाने तोंड फोडलं आणि घातलं." दगडाचं कुणी विचारलंही नव्हतं. पण आमच्या भिक्षुकाच्या घरात सात पिढ्या लोकांना शेवटचं काय द्यावं आणि काय म्हणावं हेच सांगत आल्या. ते वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं, मला शोधावं लागलं नाही. पलीकडे काकू मोठ्याने रडल्या आणि म्हणाल्या, "देवा, काशीचं पाणी मिळालं रे माझ्या बाळाला." त्या दिवसापासून त्या घराला एवढाच आधार आहे. येईल-जाईल त्याला त्या ते सांगतात. माझ्या आईलाही त्यांनी सांगितलं आणि आईने अण्णांना. एरवी माझ्या बँकेच्या नोकरीला नाकं मुरडणारे माझे वडील त्या दिवशी जेवताना म्हणाले, "एक काम चांगलं केलंस." मी वरण वाढून घेतलं.

रविवारी दुपारी दोन वाजता, गल्लीतली कुत्रीसुद्धा दुकानांच्या फळ्यांखाली शिरलेली असताना, मी गडू पिशवीत घालून पंचगंगा घाटावर गेलो. मशिदीखालच्या त्या उभ्या पायऱ्या दगडांच्या तव्यासारख्या तापल्या होत्या. नदी मे महिन्यातली, खाली खाली गेलेली, पायऱ्या संपून चिखल लागलेला. दोन नाववाले नावेत गमछा तोंडावर घेऊन झोपले होते. मी एका बुरुजाच्या सावलीत बसलो आणि फुटक्या पायरीचा एक तुकडा उचलला. तीन दिवस मी दोन्ही बाजूंनी विचार केला होता. खरं सांगायचं, तर काकूंच्या हातून एवढी एकच गोष्ट काढून घ्यायची. तसं करायला मी कोण? असं मी स्वतःला विचारायचो आणि त्यात किती दयाळूपणा आहे असंही वाटायचं; पण त्या दयेखाली माझी कातडी वाचवणं होतं, तेही मला दिसत होतं. मी भीत होतो. पहिला घाव घसरून बोटावर बसला. दुसऱ्याने झाकणाला पोचा आला. तिसऱ्याला डाग तडकला, मग मी दगडाच्या टोकाने तो उचकटला आणि झाकण बाजूला झालं. आत पाणी काठोकाठ. निनादने प्यायलेलं दाखवायचं तर थोडं कमी करायला हवं होतं. नदीत ओतावं म्हणून मी खाली जायला उठलो, पण उन्हाने माझा घसा इतका कोरडा पडला होता की गडू मी तोंडालाच लावला. गरम, तांब्याच्या चवीचं पाणी. तो घोट त्याचा होता, हे मला गिळताना कळत होतं. तरी मी दुसराही घेतला. तिसराही. मला तहान लागली होती. गडू निम्मा झाल्यावर मी भानावर आलो, झाकण तसंच वर बसवलं, तो गमछ्यात गुंडाळला आणि पायऱ्या चढायला लागलो. एक नाववाला गमछ्याआडून म्हणाला, "का गुरु, भरी दुपहरिया में गंगाजली फोड़त हउआ? के गइल?" भर दुपारी गंगेचा गडू का फोडतोस, कोण गेलं, असं विचारत होता. मी म्हटलं, कोई नहीं.

मंगळवारी आईने गडू बघितला आणि म्हणाली, "चिंच लावून लख्ख करून देते रे. असा कसा द्यायचा? खराब दिसतोय." मी नको म्हटलं. जुना दिसलेलाच बरा, असा माझा विचार. आई म्हणाली, "तू आजकल फारच परेशान दिसतोस. तबियत बरी नाही का?" तिने माझ्या बोटावरची जखम बघितली, कशाने झाली ते विचारलं. मी गाडीवर ढकललं.

बुधवारी मी त्यांना स्टेशनवरून आणलं. काकू अर्ध्या झाल्या होत्या. रत्नाकरकाका होते तसेच, जाड चष्मा, खिशाला पेन, खांद्याला शबनम, आणि छातीशी लाल फडक्यात बांधलेलं ते एवढंसं मडकं. आमच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत ते मडकं दोन्ही हातांनी धरून भिंतीच्या कडेने चालत होते. समोरून सामान वाहणारा एक जण "हटिए हटिए" करत आला तेव्हा त्यांनी पाठ फिरवून स्वतःच्या अंगाने ते झाकलं. घरी पोचल्यावर काकूंनी पाणीही घेतलं नाही. "गडू कुठाय रे?" म्हणाल्या. आईने तो ताटलीत तुळशीचं पान ठेवून आणला. काकूंनी तो कपाळाला लावला, गालाला लावला, किती तरी वेळ लावून ठेवला. "निम्मं प्यायला माझा बाळ," म्हणाल्या. आईने डोळ्यांना पदर लावला. माझ्या तोंडात ती तांब्याची चव पुन्हा आली. मग काकूंनी गडू काकांच्या हातात दिला, आणि त्यांचा अंगठा सवयीने त्याच्या तोंडावरून फिरला. एकदा फिरला. दुसऱ्या फेरीला अर्ध्यावर थांबला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, गडू खिडकीकडे धरला आणि तडकलेल्या डागाची कड बघितली. मलाही ती त्याच क्षणी दिसली. सगळा गडू चार महिन्यांनी काळवंडलेला, आणि ती एक कड पांढरी, लखलखीत. कालपरवा तोडलेल्या कथलाची. मुलांना तीस वर्षं डाग द्यायला आणि काढायला शिकवलेला माणूस होता तो. आईला चिंच लावू दिली असती तर सगळाच गडू चमकला असता आणि काही कळलं नसतं, असा विचार माझ्या डोक्यात आला. त्या वेळीही माझ्या डोक्यात एवढंच आलं. "ह्यातलंच ना हो?" काकूंनी विचारलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. "दगडाने फोडलास म्हणाला होतास." मी मान हलवली. "हो," ते काकूंना म्हणाले, "दगडाचाच घाव आहे. ह्यातलंच." आणि गडू त्यांनी शबनममध्ये ठेवला, तो पुन्हा कुणाला दिला नाही.

दहा वाजायच्या आत अण्णांनी घाटावर सगळं केलं. मडकं पाण्यात गेलं तेव्हा काकू गुडघाभर चिखलात उभ्या होत्या आणि काका नदीकडे नव्हे तर पलीकडच्या वाळूकडे बघत होते. अण्णा त्यांच्या रोजच्या आवाजात म्हणाले, "आता वर चढा. मागे वळून बघायचं नाही. गेलेल्याला ओढ लागते. निमिष, तू पुढे हो, ह्या मध्ये, आणि रत्नाकरराव, तुम्ही मागून या." हे वाक्य मी लहानपणापासून हजारदा ऐकलं आहे.  मी पुढे झालो. पायऱ्या उभ्या, एकेक गुडघ्याएवढी. मागे काकूंची धाप ऐकू येत होती. तिच्यामागे काय ऐकू येतंय ते कळत नव्हतं. वर पोचेपर्यंत मी ऐकत राहिलो, बघितलं नाही. वर येऊन काकू समोरच्या भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या, नदीकडे पाठ. मी पण भिंतीकडे तोंड करून उभा. एक मिनिट गेलं, दोन गेली. काकू म्हणाल्या, "हे कुठे राहिले?" मग म्हणाल्या, "येतील. गुडघे दुखतात त्यांचे." येईल तो. मला जेटीवरच्या चहाचा वास आला, आल्याचा, आणि मी वळलो. काकू ओरडल्या, "अरे बघू नकोस!" पण मी बघितलं आणि बघत बघत धावत खाली उतरलो.

निम्म्यावर, बुरुजाच्या सावलीत, मी रविवारी बसलो होतो त्याच्यापासून चार पायऱ्यांवर ते बसले होते. गडू मांडीवर. अंगठा त्या कडेवर. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. ते म्हणाले, "तू वळून बघितलंस." मी म्हटलं, हो. "आता बघून काय उपयोग," असं ते अगदी हळू म्हणाले, आणि मग विचारलं, "पाणी मागितलं होतं का त्याने?" मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. जागा बदलल्याचं, सूर्याचं, आरशाचं, दिवा दिसला म्हणालो ते, दोन चहा, म्हातारी आणि तिचा भरलेला तांब्या. गडू फोडल्याचं सांगितलं. पाणी मीच प्यायलो हेही सांगितलं, कारण ते लपवून बाकीचं सांगण्यात अर्थ नव्हता. मध्ये त्यांनी फक्त "किती वेळ?" असं एकदा विचारलं. मी म्हटलं, चाळीस मिनिटं. ते ओठांत काही तरी मोजल्यासारखं करत बसले. त्यांनी मला मारावं असं मला फार वाटत होतं. वरून काकूंची हाक आली, "अहो! कुठे राहिलात?"

"आलो," ते ओरडले. "दम लागला होता." मग चष्मा नीट बसवत त्यांनी गडू शबनममध्ये ठेवला. "तिला यातलं काही कळता कामा नये. मी घरी जाऊन ह्याला पुन्हा डाग देईन. चांगला देईन. तिच्या वेळेला तुला बोलावीन मी. मी नसलो तर दुसरं कोणी बोलावेल, तसं लिहून ठेवीन. कुठेही असलास तरी निघायचं. डाग तूच काढायचा आणि पाणी तिच्या तोंडात तूच घालायचं." उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधारासाठी, सगळं वजन टाकून. "आणि वेळेवर यायचं," म्हणाले.

मी येईन म्हटलं. ते म्हणाले, "चल, पुढे हो. आता वळू नकोस, ती वाट बघतेय." मी चढायला लागलो. ऊन चांगलंच तापलं होतं. प्रत्येक पायरीला मी मागचा श्वास ऐकत होतो, तो कधी जवळ यायचा, कधी लांब पडायचा, तेव्हा मी पाऊल आखडतं घ्यायचो. वर काकू पदराने तोंड पुसत उभ्या होत्या. त्या अजूनही नदीकडे पाठ करूनच होत्या. "आले का रे हे?" त्यांनी विचारलं.

"मागेच आहेत," मी म्हणालो, आणि ह्या वेळी ते होते.